गिरणी दूर, पीठ घरी

गिरणी प्रत्येकाच्या घरी नसते. पीठ मात्र प्रत्येक घरी लागते. संगणकाच्या जगातही हाच व्यवहार आहे.

अमेरिकेतील बोल्डर येथे १९७७ मध्ये डेव्हिड स्टर्न यांनी स्थापन केलेल्या कंपनीची 'आयडीएल' ही संगणकभाषा खगोलशास्त्रात रूढ झाली. उपग्रहचित्रांच्या अभ्यासाचे 'एन्व्ही' हे सॉफ्टवेअर याच भाषेवर उभे आहे. या भाषेचा परवाना महाग असतो.

समजा, नांदुऱ्याच्या एका आडत व्यापाऱ्याची नात विद्यापीठात शिकते. आपल्याच जिल्ह्यातील लोणारचे विवर पडद्यावर हवे तसे फिरवून दाखविणारा प्रोग्रॅम तिने लिहिला. विद्यापीठात परवाना आहे, घरी नाही. चोरीची प्रत वापरणे पेढीच्या रीतीत बसत नाही. मग आजोबांनी नातीचे काम पाहावे कसे?

यावर सरळ मार्ग आहे. २००३ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर 'आयडीएल व्हर्च्युअल मशीन' विनामूल्य मिळू लागले. परवाना असलेल्या संगणकावर प्रोग्रॅम दळून 'सेव्ह' फाइलमध्ये बांधावा. ती फाइल हे यंत्र चालविते. आरंभी एक सूचना-चौकट येते, तिच्यावर क्लिक करावे लागते. नवी संहिता मात्र त्यात दळता येत नाही. गिरणी परवानाधारकाचीच राहते.

खरी मेख बांधणीत आहे. एका उपप्रोग्रॅमने दुसऱ्यास हाक मारली, तर 'रिझॉल्व्ह ऑल' ही आज्ञा त्यास शोधून आणते. परंतु वस्तुनिष्ठ पद्धतीच्या चित्रप्रोग्रॅममध्ये वर्गाचे नाव केवळ अक्षरांत, चिठ्ठीवर लिहिल्यासारखे असते आणि त्याच्या क्रिया प्रत्यक्ष चालतानाच ठरतात. ही आज्ञा ती चिठ्ठी वाचीत नाही. म्हणून आपण लिहिलेल्या प्रत्येक वर्गाचे नाव तिला स्वतंत्रपणे सांगावे लागते. वर्ग ज्यावरून घेतला असेल, तो मूळ वर्ग मात्र ती स्वतःच शोधून आणते. विवराच्या उंचीचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये असतील, तर तीही सोबत पाठवावी.

विद्यापीठातील संगणकावर यातील उणीव दिसत नाही, कारण राहिलेला भाग तेथे आपोआप दळला जातो. घरी मात्र विवराच्या जागी चुकीचा संदेश उमटतो. म्हणून पाठविण्यापूर्वी फाइल परवाना नसलेल्या संगणकावर एकदा चालवून पाहावी. माल आपल्या काट्यावर पुरा भरला, एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. घेणाऱ्याच्या काट्यावरही तो भरावा लागतो.