यीस्टचा पाहुणचार

डर्बी,
रविवार संध्याकाळ

प्रिय अमेय,


घरी बिअर लावायचं तुझ्या मनात आलं, हे वाचून फार आनंद झाला. तू भांड्यांची यादी मागितली आहेस, ती देतेच. पण त्याआधी शेफील्डच्या तुझ्या त्या घरात एक जागा शोध. दिवसरात्र १८ ते २० अंश सेल्सिअस राहील, ऊन येणार नाही आणि दोन-तीन आठवडे कोणी हात लावणार नाही अशी. नव्या माणसाचं सगळं लक्ष शेगडीवरच्या तासाभराकडे असतं. कुठले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), कधी घालायचे, किती उकळायचं. चव बिघडते किंवा साधते ती मात्र नंतर, बादलीचं झाकण लावून आपण बाजूला झाल्यावर. माल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, आपण करतो. त्याची बिअर यीस्ट करतं. म्हणून आधी त्याच्या राहण्याची सोय बघायची.

वहिनी काळजीत आहे, असं दादा फोनवर म्हणाला. तिचं काही चुकत नाही. आपल्याकडे घरची दारू म्हटलं की हातभट्टीच डोळ्यांसमोर येते. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते ती कशी विसरेल? तिला नीट समजावून सांग. त्या दारूत मिथेनॉल होतं. बिअरमध्ये मुळात काही गाळून तीव्र करायचं नसतं आणि माल्ट आंबताना मिथेनॉल धोक्याच्या प्रमाणात तयार होत नाही. शिवाय वर्ट उकळलेला, त्यात हॉप्सचा कडूपणा, पुढे आंबटपणा आणि अल्कोहोल. एवढ्या सगळ्यात रोगजंतू तग धरत नाहीत. बिअर बिघडली तर आंबट होते, वास मारते आणि मोरीत ओतावी लागते, इतकंच.

कायद्याचंही सांगून ठेवते. इंग्लंडमध्ये १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. आता स्वतःपुरती खुशाल कर, मित्रांना पाज, पण एक बाटलीसुद्धा विकू नकोस. आणि दारू गाळण्याच्या वाटेला तर जाऊच नकोस, ते इथेही बिनापरवाना गुन्हाच आहे. सुट्टीत मिरजेला गेलास की हा उद्योग पूर्ण बंद. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं त्यात बसत नाही.

आता यादी. पंधरा लिटरचं पातेलं, झाकणाची तेवढीच बादली आणि तिला आतला वायू बाहेर सोडणारा एअरलॉक, थर्मामीटर, द्रवाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर, उपसनळी, बाटल्या आणि बुचं बसवायचं यंत्र. धुवावं न लागणारं जंतुनाशक दुकानात मिळतं, ते घे. घरातलं ब्लीच नको. क्लोरीनचा अंश राहिला तर बिअरला दवाखान्यासारखा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचंही तेच, म्हणून आदल्या रात्री पाण्यात पाव कॅम्पडेन गोळी चुरून टाक. पाण्याची याहून जास्त चिंता करू नकोस. आमच्या जवळचं बर्टन अपॉन ट्रेंट त्याच्या जिप्समच्या पाण्यामुळे पेल एलसाठी जगभर गाजलं, हे खरं. तुमच्याकडचं पाणी मृदू आहे, हेही खरं. पण तू माल्टचा तयार अर्क वापरणार आहेस आणि त्यात क्षार आधीच उतरलेले असतात.

हो, पहिल्यांदा अर्कच वापर. धान्य भिजवून त्यातली साखर काढणं ही सुंदर कला आहे, पण ती नंतर. एका वेळी एकच गोष्ट शिकावी आणि आधी शिकायची ती आंबवण्याची. डब्यातल्या किटांवर ‘एक किलो साखर घाला’ असं लिहिलेलं असतं, ते मला मुळीच पटत नाही. नुसत्या साखरेने बिअर पाणचट लागते.

दहा लिटरसाठी सव्वा किलो कोरडा माल्ट अर्क घे. बारा लिटर पाण्यात विरघळव, उकळी आली की ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे २५ ग्रॅम हॉप्स घाल आणि तासभर उकळू दे. सुरुवातीला फेस उसळतो, तेवढी दहा मिनिटं पातेल्यापासून हलू नकोस. शेवटच्या पाच मिनिटांत आणखी १५ ग्रॅम घाल. आधीचे कडूपणासाठी, हे वासासाठी. हॉप्समुळे पेय टिकतं, हे बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने लिहून ठेवलंय. मठातल्या एका बाईने हे टिपून ठेवावं, याचं मला फार अप्रूप आहे.

उकळणं संपलं की सिंकमध्ये बर्फाचं पाणी घेऊन पातेलं त्यात ठेव आणि वर्ट २० अंशांवर आण. इथून पुढे त्याला जे जे लागेल ते जंतुनाशकातून काढलेलंच हवं. बादलीत ओताना उंचावरून ओत. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हायड्रोमीटर १.०४४ च्या आसपास दाखवेल, तो आकडा वहीत लिही. मग एल यीस्टचं पाकीट वर भुरभुरव. १८८३ साली एमिल हान्सेन यांनी कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कार्ल्सबर्गने ते इतर दारूभट्ट्यांनाही दिलं. त्याआधी बिअर करणाऱ्याच्या हाती काय लागेल, याचा भरवसा नसे. ते पाकीट फाडताना मला या माणसाची आठवण होते.

बादलीत मग यीस्ट स्वतःच उष्णता निर्माण करतं. खोली १८ ची असली तरी आत सहज २१-२२ होतात. पहिले तीन दिवस हे सांभाळायचं. फार तापलं तर यीस्ट जड अल्कोहोल तयार करतं, घशाला जळजळ आणि सकाळी डोकेदुखी. माझी आई थंडीत विरजणाचं पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायची. इथे नेमकं उलटं, बादली गार पाण्याच्या टबात ठेव आणि पाणी कोमट झालं की बदल.

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं, असं मानू नकोस. साखर संपल्यावरही यीस्ट स्वतः सोडलेली लोण्याच्या वासाची, हिरव्या सफरचंदाच्या चवीची द्रव्यं परत खातं. ते काम त्याला पुरं करू दे. चौदाव्या दिवशी हायड्रोमीटर बघ, साधारण १.०११ यावं. तीन दिवसांनी पुन्हा बघ. दोन्ही आकडे सारखे आले तरच बाटल्या भर, नाहीतर आतल्या साखरेने बाटली फुटते आणि काच डोळ्यांत जाऊ शकते. या बाबतीत मला तुझ्याकडून जराही घाई नको.

बाटल्या बिअरच्याच, जाड आणि तपकिरी काचेच्या घे. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून उजेड शिरतो आणि हॉप्सना घाण वास येतो. आता आंबलेली बिअर साधारण दहा लिटर असेल. तिच्यात फेसासाठी मोजून ५५ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून हलकेच मिसळ. बाटल्या दोन आठवडे त्याच १८-२० अंशांच्या जागेत ठेव, मग एक फ्रीजमध्ये. ओतताना तळाचा गाळ राहू दे.

दुसऱ्या खेपेलाही हीच कृती कर. नवीन हॉप्स, संत्र्याची साल, कॉफी यांचा मोह होईल, तो आवर. तीच बिअर दुसऱ्यांदा लावलीस की पहिलीत काय यीस्टचं होतं आणि काय तुझं, ते तुझं तुलाच दिसेल.

माझ्याकडे एक जास्तीचा हायड्रोमीटर आहे, तो उद्या पोस्टाने पाठवते. बाटल्या भरण्याआधीचे दोन्ही आकडे मला कळव. मी हो म्हटल्याशिवाय बुचं बसवू नकोस.

तुझी,
आत्या