लॉगटेबल ते मॅक्सिमा

आम्ही बीडला बी.एस्सी. करत होतो तेव्हा लॉगटेबल कायम पिशवीत असायचं. पाचचं वर्गमूळ हवं? लॉग ०.६९९०, त्याचं निम्मं ०.३४९५, मग अँटिलॉगच्या पानावर बोट सरकवत २.२३६. शेवटचा आकडा सहा की सात, यावरून बाकावर वाद व्हायचे. म्हणून सर बजावायचे, करणी, म्हणजे पूर्ण न सुटणारं मूळ, करणीच राहू द्या, दशांश शेवटच्या ओळीत.

खरी दमछाक पाचव्या घाताला. क्षचा पाचवा घात बरोबर क्ष अधिक एक, हे समीकरण घ्या. न्यूटन-रॅफसन पद्धतीने एकपासून सुरुवात केली की १.२५, मग १.१७८, १.१६७५ आणि शेवटी १.१६७३. चार पायऱ्यांना रफ वहीचं अख्खं पान जायचं, पण प्रत्येक पायरीला उत्तर जवळ येताना दिसायचं. तो आनंद मी आजही विसरलेलो नाही.

आता भाचीच्या लॅपटॉपवर मॅक्सिमा आहे, फुकट मिळणारं गणिताचं सॉफ्टवेअर. वर्गसमीकरण दिलं की ते सरांसारखंच वागतं: पाचचं मूळ मूळच ठेवतं, दशांश मागितला तरच देतं. तेच पाचव्या घाताचं समीकरण ‘सॉल्व्ह’ला दिलं, तर जसंच्या तसं परत आलं. भाची म्हणाली, “मामा, हे चालत नाहीये.” चालत होतं. सर्वसाधारण पाचव्या घाताला मुळांच्या भाषेतलं सूत्रच नाही, हे आबेलने १८२४ साली सिद्ध केलं. आम्ही ते वाक्य परीक्षेपुरतं पाठ केलं. तिला ते पडद्यावर भेटलं. मग एक ते दोनमध्ये मूळ शोध म्हटल्यावर क्षणात १.१६७३०३९७८. इथे आजचा काळ सरस आहे, हे मी मोकळेपणाने मानतो.

पण दशांशाची घाई मला खुपते. अशा वेळी भास्कराचार्य आठवतात. त्यांचं गाव विज्जलविड म्हणजे आपलं बीड, असं काही अभ्यासक मानतात. कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात, कोणी विजापूर. गाव कुठलंही असो, करणीचं गणित त्यांनी ‘बीजगणिता’त मांडलं आणि वर्गमूळ हवं तितकं जवळ आणण्याची रीत ‘लीलावती’त दिली. दोन्ही वाटा त्यांच्याकडे होत्या. त्यांनी सोडवलेला एक प्रश्न बघा: कोणत्या वर्गाच्या ६१ पटीत एक मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? चक्रवाल पद्धतीने त्यांचं उत्तर: २२,६१,५३,९८० चा वर्ग, आणि मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. हाच प्रश्न फर्माने युरोपातल्या गणितींपुढे १६५७ मध्ये टाकला.

हे आकडे संगणकाला पूर्णांक म्हणून द्या, ताळा चोख जमतो. नेहमीच्या दशांश रूपात द्या, सोळाएक अंकांपलीकडचं त्याच्या हाती राहत नाही आणि मिळवलेला तो एक गडप होतो. ज्या एकासाठी सगळा खटाटोप, तोच जातो.

म्हणून पोरांनो, मॅक्सिमा जरूर वापरा. शेवटच्या ओळीपर्यंत मात्र करणीला हात लावू नका.