मागली फळी

सावित्रीच्या खाडीतली एक जुनी लाकडी होडी रिसॉर्टवाल्यानं विकत घेतली. अंगणात मांडायला. दुरुस्तीला मिस्त्री, त्याच्या हाताखाली मी.

लाकडी होडी कोरड्यावर ठेवली की मरते. फळ्या सुकतात, सांधे उघडतात. मिस्त्रीनं मालकाला सांगून पाहिलं. ऐकतोय कोण! मग जुनं सूत खरवडायचं, तेलात भिजवलेलं नवं सूत सांध्यात ठोसायचं, वर राळ. गंजक्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, तेवढं कापून काढायचं. पाण्यात सोडली की पहिले काही दिवस ती पाणी पितेच. लाकूड फुगतं, सांधे आपोआप आवळतात. फायबरच्या होडीला तहान नाही.

मिस्त्री म्हणाला, "ही मागली आडवी फळी बदलू. पार झिजलीय."

"दादा, ती राहू द्या."

ही तरीची होडी. माझा आजा, माझा बाप याच फळीवर बसायचे. बाकी होडी रिकामी असली तरी इथंच. फळी झिजलीय ती आमच्या ढुंगणांनी.

डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब पद्मावती बोटीनं याच खाडीतून आले, दासगावला उतरले, महाडला गेले. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी. आजा त्यानंतरही कैक वर्षं मागल्या फळीवरच.

मालक आला. म्हणाला, "पाटी लावू. कोकणची परंपरा."

तो गेल्यावर मी टोच्या घेतला नि फळीवर आज्याचं नाव कोरलं. मिस्त्री बघत होता. त्यानं राळेचा डबा पुढं सरकवला.

"अक्षरांत भर. नायतर पावसानं कुजंल."