आधीं कोणाचें पाकीट?

एकत्र कुटुंबांत पंक्तीला प्रथम कोणीं बसावयाचें, सणावारीं ओवाळावयाचें तें आधीं कोणास, ह्याविषयीं रूढी ठरलेल्या असतात आणि त्यांवरून फारसा वाद होत नाहीं. घरांत येणाऱ्या इंटरनेटच्या एका तारेविषयीं मात्र अशी रूढी अद्याप पडलेली नाहीं. हिंगोलीस आमच्या घरीं माणसें नऊ आणि तार एक. थोरले बंधु वकील. दाव्याचे कागद ते घरूनच न्यायालयाकडे पाठवितात. पुतण्या लग्नसमारंभांचीं चित्रणें करून गिऱ्हाइकांस पाठवितो. धाकटी भावजय संगणकावरून परगांवच्या दहावीच्या मुलांस गणित शिकविते. गेल्या पावसाळ्यांत तिचा आवाज वाक्यावाक्याला तुटूं लागला, आणि दोघां पालकांनीं शिकवणी बंद केली. तिच्या मुलाच्या वसतिगृहाचा खर्च ह्याच मिळकतींतून चालतो. तेव्हां प्रश्न केवळ सोयीचा राहिला नाहीं.

अधिक पैसे भरून मोठी तार घ्यावी, हा उपाय सर्वांसच सुचतो. पण पुतण्याचें चित्रण लहान तार भरून टाकतें तशीच मोठीही भरून टाकतें. फक्त थोडा वेळ कमी.

घरांतील सर्व तारा ज्या पेटीशीं येऊन मिळतात तिला स्विच म्हणतात. मजकूर तिच्यांतून सलग वाहत नाहीं. त्याचीं लहान लहान पाकिटें होऊन जातात, आणि बाहेरची तार भरली कीं तीं रांगेंत उभीं राहतात. आवाजाचें पाकीट सुमारें २०० बाइटांचें असतें व असें पाकीट साधारणतः दर सेकंदास ५० वेळां निघतें. चित्रणाचें १५०० बाइटांचें, आणि तीं थव्यानें येतात. चित्रण दोन मिनिटें उशिरा पोहोंचलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आवाजाचें पाकीट फार उशिरा आलें तर तें टाकूनच द्यावें लागतें, कारण वाक्य पुढें निघून गेलेलें असतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणें संभाषण सुखाचें व्हावयास शब्द सेकंदाच्या १५० सहस्रांशांच्या आंत पलीकडे पोहोंचावा.

अशी निवड आपणांस नवी नाहीं. पूर्णा-अकोला मार्गावर प्रवास केलेल्यांनीं आपली गाडी बाजूस काढून दुसरीस वाट दिलेली पाहिली आहे. पूर्वीं ट्रंक कॉलचेही साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग असत. तेथें मात्र मान दामाला होता. इंटरनेटच्या १९८१ सालच्या नियमांत पाकिटावर आठ पायऱ्यांचा शिक्का होता आणि त्या पायऱ्यांचीं नांवें लष्करी निरोपांच्या धर्तीचीं होतीं. १९९८ मध्यें तो बदलून ६४ आंकड्यांचा शिक्का आला. त्यांतील ४६ हा आंकडा आवाजासाठीं वापरतात. मला ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते. तींत पाठविणाऱ्याच्या हुद्द्यापेक्षां पाकिटाची प्रकृति पाहिली जाते.

दादांस हें पटेना. “घरांत वडील मी. माझ्या तारेला पहिला क्रमांक दे,” असें ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत केवळ अभिमान नव्हता. मुदतीच्या अखेरच्या दिवशीं कागद अडकला तर पक्षकाराचें नुकसान होतें. मीं म्हटलें, “दादा, तुमचा कागद अडकूं देणार नाहीं; पण दोन मिनिटें थांबल्यानें त्याचें अक्षर पुसत नाहीं.”

प्रथम बाहेरच्या तारेचा वेग स्विचमध्यें किंचित् कमी करून ठेविला. असें न केल्यास रांग पुढें राउटरांत लागते, आणि तेथें स्विचचा हुकूम चालत नाहीं. मग भावजयीच्या संगणकास पहिली रांग दिली. पहिली रांग संपेपर्यंत दुसरीस हात लावावयाचा नाहीं, असा स्विचचा कडक नियम असतो. पहिलीच सतत भरलेली राहिली तर बाकीच्यांची उपासमार होते. म्हणून तिला एकंदर वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा घातली. शिकवणीला तेवढें पुरून उरतें. उरलेल्यांत दादांचा हिस्सा मोठा, पुतण्याचा लहान. पण कोणाचा शून्य नाहीं.

पुतण्या हुशार. त्यानें चार दिवसांत आपल्या सर्व पाकिटांवर ४६ चा शिक्का मारून पाहिला. मीं त्याच्या दारावरचा शिक्का न मानण्याची आज्ञा स्विचला आधींच दिली होती. स्विचनें तो पुसून शून्य केला. आपलें काम तातडीचें असें प्रत्येकास वाटतेंच, तेव्हां शिक्का पाठविणाऱ्याच्या हातीं ठेवून चालत नाहीं. आतां तो रात्रीं दहानंतर चित्रणें पाठवितो, त्या वेळीं तार मोकळीच असते. घराबाहेर गेल्यावर आमच्या शिक्क्यांस पुढचे लोक मान देतीलच असें नाहीं. त्यावर मात्र आमचा इलाज चालत नाहीं.

भावजयीच्या शिकवणीस सध्यां नवीं तीन मुलें आलीं आहेत. सायंकाळीं तिच्याच संगणकावरून आई नागपूरच्या माझ्या बहिणीशीं बोलते. परवां तिला ही सर्व व्यवस्था समजावून सांगितली, तेव्हां ती दादांकडे पाहून म्हणाली, “म्हणजे मी आतां वकिलाच्याही आधीं?”