चि. सोनूला, तिरुचिरापल्लीला

अमळनेर,
२१ ऑगस्ट



तुझं पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र तू यापूर्वी कधी लिहिलं नव्हतंस, त्यामुळे पाकीट जाड पाहूनच कळलं की काहीतरी मनाला लागलं आहे.

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर मेसमध्ये झालेला वाद वाचून मलाही वाईट वाटलं. आईशी फोनवर अहिराणीत बोलतेस म्हणून एकजण म्हणाला, राष्ट्रभाषा हिंदी असताना हे काय बोलतेस? आणि त्याच दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या मुलींनी तुला ‘उत्तरेची’ म्हणून बाजूला काढलं. दोन्हीकडून मार. ‘मावशी, मी नक्की कुठली? माझा देश कोणता धरायचा?’ असं तू विचारलं आहेस. तुझी समजूत काढून मी गप्प बसणार नाही, मला जे खरंच वाटतं ते लिहिते.

आधी त्या मुलाचं. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. कलम ३४३ प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, म्हणजे सरकारी कामकाजाची. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि त्यांत तमिळ आहे, मराठी आहे, हिंदीही आहे. आपली अहिराणी त्यात नाही. पण २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ अशी वेगळी नोंद आहे आणि ती बोलणारी माणसं साडेअठरा लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे ‘कथा चालनी व माय?’ म्हणून आजी तुला दारातून हाक मारायची, ती काही घरातल्या घरात लपवायची गोष्ट नव्हे. हे त्याला शांतपणे सांग. भांडू नकोस, पण खालच्या मानेनेही सांगू नकोस.

आता खरा मुद्दा. तू ज्या गावात शिकते आहेस, तिथल्या तुरुंगात आपल्या अमळनेरचा एक मास्तर राहून गेला आहे, हे तुला आठवलं का? साने गुरुजी. १९२४ पासून सहा वर्षं ते इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि शाळेचं छात्रालय सांभाळत होते. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेले कपडे घडी घालून ठेवायचे, हाताने लिहून मुलांसाठी रोजचं पत्रक काढायचे. एप्रिल १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उतरले. अटक झाली, आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट त्रिचनापल्ली. तेव्हा तुझ्या गावाला तेच म्हणत.

तिथे त्यांच्याभोवती दक्षिणेतले राजबंदी होते. सगळे एकाच देशासाठी आत आलेले, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. गुरुजींना याची फार खंत वाटली. देशासाठी तुरुंगात जायची तयारी आहे, पण शेजारी झोपलेल्या माणसाची भाषा येत नाही! ते तमिळ शिकू लागले. पुढे तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद त्यांनी केला. आयुष्याच्या शेवटी ज्या ‘आंतरभारती’चा त्यांनी ध्यास घेतला, म्हणजे प्रत्येक प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा, साहित्य, माणसं ओळखावीत, तिचं मूळ त्या तुरुंगात आहे. सोनू, मला देशप्रेमाची याहून खरी व्याख्या कुठे सापडलेली नाही. न पाहिलेल्या माणसांना आपलं म्हणायचं आणि मग त्यांना ओळखण्याची मेहनत घ्यायची. पहिली गोष्ट घोषणेत होऊन जाते. दुसरीला व्याकरणाचं पुस्तक लागतं.

आणि गुरुजी मुळात कुठले? कोकणातल्या पालगडचे. आज अमळनेरमध्ये कुणालाही विचार, ते आमचेच म्हणेल. धुळ्याला ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे, ते इतिहासाचार्य राजवाडेही खानदेशचे नव्हेत, पण ३१ डिसेंबर १९२६ ला शेवटचा श्वास त्यांनी धुळ्यातच घेतला. विनोबा तर इथे कैदी म्हणूनच आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि तेव्हा तिथेच असलेले साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. आज घरोघरी असलेली ‘गीता प्रवचने’ ती हीच. आमच्या मुलखाला अभिमानाने सांगण्यासारखं जे आहे, त्यातलं कितीतरी बाहेरून आलेल्यांच्या हातून झालं. म्हणून ‘तू इथली का?’ असं कुणी कुणाला दरडावून विचारलं की मला राग येतो. जन्माचा दाखला मागून माणूस देशाचा ठरत नाही. तो तिथे कुणासाठी राबला, हे पाहावं.

नंदुरबारचं तुला सांगायचं राहिलंच होतं. ९ सप्टेंबर १९४२, शाळकरी मुलांची मिरवणूक, पुढे तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता. वय पंधरा. पोलिसांनी गोळीबार केला आणि तो पडला, त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हीही मुलं गेली. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती. तेव्हा पश्चिम खानदेशातलं ते गाव, बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी, भिली सगळं एकत्र ऐकू येणारं. त्या मुलांपैकी कोण कुठल्या भाषेत घाबरलं असेल, हे माणिक चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोर उभं राहिलं की मनात येतं आणि मला तिथून लवकर निघवत नाही. झेंड्याला मी फार मानते. कुणी झेंड्याला कापडाचा तुकडा म्हटलं तर मला ते पटत नाही, कारण तो त्या मुलाच्या हातात होता. पण तोच झेंडा हातात धरून दुसऱ्याला ‘तू आमचा नाहीस’ म्हणणं, हा मला त्या पाच मुलांचा अपमान वाटतो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं. तू लिहिलंस, ‘मग मी फक्त खानदेशची, देशाबिशाशी मला काय करायचंय.’ असं नको, बेटा. गुरुजी या वाटेनेही गेले नाहीत. १९४७ मध्ये स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना हा माणूस १ मेपासून पंढरपुरात उपोषणाला बसला, कारण विठ्ठलाच्या देवळात दलितांना जाऊ देत नव्हते. दहा दिवसांनी दार उघडायचं ठरलं, तेव्हा उपोषण सुटलं. इंग्रज जाणार म्हणून सगळे आनंदात, आणि यांना चिंता ही की आपल्यातल्या ज्यांना पायरीच्या आत घेतलं जात नाही, त्यांच्यासाठी हा देश कुठला? देशावर रागावणारा माणूस देश सोडत नाही, तो अडून बसतो. त्या टेबलावरच्या मुलींवर तू रागावलीस यात काही गैर नाही. पण उद्यापासून ते टेबल टाळू नकोस.

आणि त्यांचीही बाजू समजून घे. त्यांच्या राज्यात १९६५ मध्ये हिंदीच्या सक्तीविरुद्ध मोठं आंदोलन झालं, तरुणांचे जीव गेले. त्यांच्या आजीआजोबांनी ते पाहिलेलं असणार. तू हिंदीची नाहीस हे त्यांना माहीत नाही. सांगितल्याशिवाय कसं कळणार? तुझीही बोली सरकारी यादीबाहेरची आहे हे त्यांना कळू दे. माझी खात्री आहे, त्यांतली एखादी तरी जवळ सरकून बसेल.

काम सांगते ते कर. मेसमध्ये भात वाढणाऱ्या ज्या अक्कांबद्दल तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, त्यांच्याकडून तमिळ शिकायला लाग. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून गिरव. आणि जुना तुरुंग कुठे होता याची चौकशी कर, कळलं तर मला लिही.

डिसेंबरात येशील तेव्हा तुझ्या खोलीतल्या कन्याकुमारीच्या मैत्रिणीला घेऊन ये. तेव्हा भरताची वांगी भरात असतात. कळण्याची भाकरी मी करीन, तिला तिखट किती चालतं तेवढं आधी कळव. फैजपूरला जाऊन येऊ, १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते गाव तिला दाखवू.

तुझी,
मावशी