शेवटची गाडी गेल्यानंतर

शेवटची गाडी सुटली की तोक्योतली खरी रात्र सुरू होते. साडेबारा-एकच्या सुमाराला यामानोते मार्गावरची अखेरची गाडी निघून जाते, बाकांवर पेंगणाऱ्यांना फलाटावरचे कर्मचारी हलवून उठवतात, आणि स्टेशनाची शटरं खाली येतात. दिवसाला सुमारे तीस लाख माणसं ज्यातून ये-जा करतात ते शिंजुकूसुद्धा बंद होतं. पुढची गाडी थेट पहाटे साडेचारच्या आसपास. टॅक्सी असते, पण रात्री दहा ते पहाटे पाच तिचं भाडं वीस टक्क्यांनी चढतं, आणि दूरच्या उपनगरात घर असलेल्या पगारदाराला ते झेपत नाही. मग माणसं शहरातच थांबतात. आणि थांबलेल्या माणसांना भूक लागते.

मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. शेवटची कर्जत किंवा शेवटची बोरिवली गेल्यावर स्टेशनाबाहेरच्या भुर्जीपावच्या गाडीशी किती जणांनी रात्र काढली आहे! तोक्योत मात्र त्या साडेतीन-चार तासांसाठी एक अख्खं स्वयंपाकघर उभं राहिलं आहे, आणि त्याला तीन-साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे. मी तिथे नोकरीला होतो, आणि आमचं काम बरेचदा सगळी कार्यालयं झोपल्यावरच करता यायचं. त्या परक्या शहरात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते कुठल्या मंदिरात किंवा बागेत नाही. एका गल्लीतल्या काउंटरपुढच्या स्टुलावर वाटलं. म्हणून त्या स्वयंपाकघरावर माझा जीव आहे.

तोक्यो एदो होतं तेव्हापासूनची ही गोष्ट. शोगुनांचं ते शहर पुरुषांनी भरलेलं होतं: सरदारांबरोबर आलेले सामुराई, सुतार, गवंडी, हमाल. अनेकांचं बिऱ्हाड एका खोलीचं, घरी रांधणारं कुणी नाही. शहर लाकडाचं, आगी वरचेवर लागायच्या, त्यामुळे घरात तेलाची कढई तापवणंही धोक्याचं. तेम्पुरा रस्त्यावर तळला गेला तो त्यामुळे. आज ज्या सुशीसाठी लोक महिनोन् महिने आधी जागा राखून ठेवतात, तीही तेव्हा उभ्या उभ्या दोन घासांत संपवायची गोष्ट होती. आणि रात्री खांद्यावरच्या कावडीत चूल, भांडी, सोबाच्या शेवया सगळं घेऊन सोबावाला हिंडायचा. एका वाडग्याची किंमत सोळा मोन ठरलेली.

या सोळा मोनांवर राकुगोत, म्हणजे तिथल्या बैठ्या कथाकथनात, एक प्रसिद्ध गोष्ट आहे. एक लबाड गिऱ्हाईक वाडग्याची, काड्यांची, रश्श्याची तोंडभर स्तुती करत सोबा खातं. पैसे देताना एकेक नाणं विक्रेत्याच्या हातावर ठेवत मोजतं, आठावर येऊन विचारतं, ‘किती वाजले?’ विक्रेता सांगतो, ‘नऊ’, कारण जुन्या जपानी मोजणीत मध्यरात्रीला नऊ वाजायचे. लबाड लगेच पुढे सुरू करतो, ‘दहा, अकरा...’ आणि एक नाणं वाचवतो. हे पाहणारा एक भाबडा दुसऱ्या रात्री तसंच करायला जातो, पण उत्साहात लवकर पोहोचतो. आठावर वेळ विचारतो. उत्तर येतं ‘चार’, आणि बिचारा ‘पाच, सहा’ करत जास्तीचे पैसे मोजून येतो. श्रोते हसतात ते शेवटाला. मला त्या गोष्टीत जास्त आवडते ती अंधारातली जागा: एक दिवा, एक चूल, आणि अनोळखी माणसाशी रश्श्याबद्दल चाललेलं बोलणं. गावची वस्ती एवढीच असते, असं वाटावं इतकी ती भरलेली आहे.

पुढे सोब्याच्या जोडीला रामेनची हातगाडी आली आणि तिच्याबरोबर चारुमेराचा सूर आला. चारुमेरा हे दुहेरी पत्तीचं वाद्य, आपल्या सनईच्या कुळातलं. तो सूर गल्लीत शिरला की खिडक्या उघडायच्या. तोक्योच्या रस्त्यांवर आता तशा गाड्या जवळपास उरलेल्या नाहीत. त्यांची मोठी रांग पाहायची तर दक्षिणेला फुकुओकाला जावं लागतं. तोक्योतलं रात्रीचं खाणं छपराखाली गेलं, पण गाडीची मापं घेऊनच गेलं. तेवढीच फळी, तेवढीच माणसं, आणि रांधणाऱ्याच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर सगळं सामान.

शिंजुकूच्या पश्चिमेच्या दाराजवळ, रुळांना लागून, ओमोइदे योकोचो नावाची गल्ली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. युद्धानंतर जळलेल्या शहरात इथे काळा बाजार भरला. पीठ आणि धान्य रेशनच्या कचाट्यात होतं. जनावरांच्या आतड्या-काळजावर नियंत्रण नव्हतं. तेच काडीला लावून निखाऱ्यावर भाजायला सुरुवात झाली, आणि पोटाच्या गरजेतून निघालेली ती चव गल्लीची ओळख होऊन बसली. १९९९ साली आगीत गल्लीचा बराच भाग जळाला. लोकांनी तो पुन्हा बांधला आणि नवी इमारत उभी न करता तशीच अरुंद, तशीच धुराने काळवंडणारी गल्ली ठेवली. या निर्णयाबद्दल मला त्या दुकानदारांविषयी फार आदर वाटतो.

पूर्वेकडचं गोल्डन गाई त्याहून हट्टी. सहा बोळ आणि त्यांत दोनशेच्या वर बार, बहुतेकांत सहा-आठ माणसांपलीकडे जागा नाही. हीही वस्ती काळ्या बाजारातूनच निघाली. १९५८ साली वेश्याव्यवसायबंदीचा कायदा अमलात आल्यावर तिथली घरं दारूच्या छोट्या दुकानांत बदलली, आणि लेखक, संपादक, नाटकवाले, सिनेमावाले तिथे जमू लागले. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव आकाशाला भिडले तेव्हा बिल्डरांचा डोळा या बोळांवर गेला, संशयास्पद आगी लागू लागल्या, आणि या बोळांवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी आळीपाळीने रात्री पहारा दिला. सहा फुटांचं दुकान वाचवण्यासाठी गिऱ्हाइकांनी रात्री जागून काढाव्यात, यावरून ती जागा त्यांना काय देत होती ते समजावं.

काय देत होती? मी यावर खूप विचार केला आहे. दाराशी लाल कंदील, पुढे कापडी पडदा. तो हाताने सारून आत गेलं की ‘इराश्शाइमासे’ असं स्वागत कानी येतं आणि हातात गरम ओला रुमाल. तोंड पुसायचा मोह होतो, पण तो हातांसाठी. पाठोपाठ न मागता एक चिमुकली वाटी येते: काकडी, भिजवलेली भाजी, नाहीतर बटाट्याचं काहीतरी. बसल्याचं भाडं म्हणून तिचे पैसे बिलात लागतात. एकदा समजलं की खुपत नाही. मग शेजारच्या कोपराला आपलं कोपर लागतं, आणि आपण कोण हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे जेवू घालण्याआधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावातून बाकीचं सगळं ताडतात. यात माया असते हे मला मान्य आहे, पण छाननीही असते, आणि त्या छाननीने आपल्या देशात किती जणांना पंगतीबाहेर बसवलं आहे हे विसरता येत नाही. तोक्योच्या काउंटरवर रात्री दोन वाजता एवढाच प्रश्न असतो: काय हवं? काही बारच्या दारांवर ‘फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी’ अशी पाटी असते, परक्याला बघून हाताची फुली करणारेही भेटतात. पण एकदा स्टूल मिळालं की कंपनीचा संचालक आणि रस्ता खणणारा मजूर यांच्यापुढे वाडगं त्याच क्रमाने येतं.

आबे यारो यांनी २००६ साली ‘शिन्या शोकुदो’ ही चित्रकथा सुरू केली, २००९ मध्ये तिच्यावर मालिका आली, आणि नेटफ्लिक्समुळे ती पुण्या-मुंबईच्या घरांतही पाहिली गेली. शिंजुकूतली एक खानावळ, मध्यरात्री बारा ते सकाळी सात. फळ्यावर जेवण एकच, डुकराच्या मांसाचं आणि भाज्यांचं मिसो सूप. बाकी कुणी काही मागितलं आणि सामान असलं तर मालक करून देणार. तिथला गुंड मागतो काय, तर ऑक्टोपससारखी कापलेली लाल सॉसेजं, शाळेच्या डब्यातली! कुणी गोडसर अंड्याचा रोल मागतं, कुणी भातावर कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस, आणि सोया सॉस. आबे यांनी हे अगदी नेमकं पकडलं आहे. रात्री माणसाला मेजवानी नको असते, लहानपणी कुणीतरी पुढ्यात ठेवलेलं हवं असतं.

आणि त्या सगळ्याच्या तळाशी दाशी असते. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचं ते पातळ, सोनेरी पाणी. कात्सुओबुशी म्हणजे ट्यूनाच्या कुळातला मासा उकडून, धुरी देऊन, महिनोन् महिने वाळवून लाकडासारखा कडक केलेला. तो अक्षरशः रंध्यावर तासतात. १९०८ साली इकेदा किकुनाए या तोक्योच्या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूच्या या चवीमागचं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि चवीच्या शास्त्रात भर घातली. थंडीत ओदेनच्या चौकोनी कप्प्यांच्या भांड्यात मुळ्याच्या जाड चकत्या या पाण्यात तासन् तास असतात, इतका वेळ की चॉपस्टिक टेकवली की दुभंगतात. कडेला तिखट मोहरी. मुळ्याला इतका मान दुसऱ्या कुठल्या देशात मिळत असेल असं वाटत नाही. माझ्या शाकाहारी मित्रांना मात्र ही दाशी आडवी येते, कारण मासा डोळ्यांना न दिसता सगळीकडे असतो. ते रात्री बिचारे आंबट आलुबुखाराचं लोणचं भरलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, शोधत फिरायचे.

दारू पिऊन झाल्यावर रामेन खाऊनच घरी जायचं, ही तिथली रीत. इतक्या जड वाडग्याने रात्र का संपवावी हे मला आधी उमगत नव्हतं. पण खारट, चरबीदार, वाफाळतं काहीतरी पोटात गेलं की बसलेली मंडळी उठायला तयार होतात, हे पाहिलं आहे. सगळे मान खाली घालून भुरकत असतात. त्या आवाजात बोलण्याची गरजच संपते.

हे सगळं खरं असलं तरी रात्रीचं जेवण हौशी लोकांसाठी जन्मलं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. योशिनोया हे गोमांस-भाताचं दुकान १८९९ साली निहोनबाशीच्या मासळीबाजारात सुरू झालं. १९२३ च्या भूकंपानंतर बाजार त्सुकिजीला गेला, तेही गेलं. पहाटेच्या लिलावाआधी ओझी वाहणाऱ्यांना झटकन, स्वस्त आणि पोटभर काहीतरी हवं होतं. आजही तीन वाजता अशा दुकानांत टॅक्सीवाले, नर्स, इमारतींचे रखवालदार, रूळ दुरुस्त करणारे असतात. या रूळवाल्यांसाठीच २०२१ च्या मार्चमध्ये तोक्योच्या रेल्वेने शेवटच्या गाड्या साधारण अर्धा तास अलीकडे घेतल्या. दुरुस्तीला हात कमी पडत होते, त्यांना रात्रीचा जास्त वेळ हवा होता. महामारीने तर रात्रीची कित्येक दुकानं बंद केली. चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या साखळ्यांनी पहाटेचे तास सोडून दिले, आणि म्हाताऱ्या मालकांनी खाली ओढलेली शटरं काही ठिकाणी पुन्हा वर गेली नाहीत.

जी अजून उघडी आहेत, त्यांच्या काउंटरमागे आता बहुधा नेपाळी किंवा व्हिएतनामी विद्यार्थी असतात. विद्यार्थ्याच्या व्हिसावर आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करता येतं, त्यातून खोलीचं भाडं, शाळेची फी आणि गावी घेतलेलं कर्ज. पूर्वी एका साखळीने रात्री अख्खं दुकान एकट्या कर्मचाऱ्यावर सोडलं होतं: रांधायचा तोच, भांडी घासायचा तोच, गल्ल्यावर तोच, चोर आला तर तोंड द्यायचंही त्यानेच. २०१४ साली त्यावर मोठा गदारोळ झाला आणि ती पद्धत बंद करावी लागली. स्वस्त वाडग्याचे पैसे असे कुणीतरी वेगळंच भरत असतं, आणि खाणाऱ्याने ते जाणून खावं असं मला फार वाटतं.

माझं बिऱ्हाड निशी-कासाईला होतं. मराठी माणसांची तिथे चांगली वस्ती आहे. त्याच एदोगावा विभागातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. तोक्यो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडे एक वाजतो तेव्हा पुण्यात साडेनऊ झालेले असतात. एका रात्री कामावरून सुटून यंत्रातून जेवणाची चिठ्ठी काढून अशाच एका दुकानात बसलो होतो आणि आईचा फोन आला. तिची मागची आवराआवर चालली होती, आणि पहिला प्रश्न नेहमीचा, जेवलास का. मी मराठीत बोलत होतो. काउंटरमागचा मुलगा वाडगं ठेवताना जरा थांबला, आणि फोन ठेवल्यावर हिंदीत म्हणाला, ‘भैया, इंडिया से?’

नेपाळातल्या चितवनचा होता. सकाळी नऊला भाषाशाळेचा वर्ग. त्याने न विचारता हिरव्या कांद्याची वाटी पुढे सरकवली. मी विचारलं, ‘और तुम कब खाओगे?’

‘पाँच बजे, ड्यूटी के बाद. रूम पे चार लड़के हैं, आज दाल-भात की बारी दोस्त की है. दुकान का मिलता है, पर रोज़ नहीं खा सकता मैं.’ एवढं बोलून तो वळला, कारण दार उघडलं होतं आणि नारिंगी जाकिटातले चार रूळवाले आत येत होते.