हत्ती गेला, शेपूट राहिले

माझा भाचा वैमानिकाचे शिक्षण घेतो आहे, बाहेरगावच्या एका संस्थेत. परवा रात्री ताईचा फोन आला. रडतच म्हणाली, "अरे, त्याच्या विमानाला अपघात झाला." माझ्या पोटात गोळाच आला. मग हळूहळू कळले. एकट्याने उड्डाण करून पोरगा सुखरूप उतरला होता. विमान जागेवर नेताना पंखाचे टोक हँगरच्या दाराला घासले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तसे झाले.

मी भाच्याला विचारले, "माणूस चालतो त्या वेगाने जात होतास, मग एवढे मोठे दार दिसले कसे नाही?"

"मामा, आमचे सेसना १७२ लांबीला सव्वाआठ मीटर, पण रुंदीला अकरा. मी मध्ये बसलेला आणि दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटर. जमिनीवर विमान हाताने नाही, पायांनी वळवायचे. आपण एवढेसे वळतो, पण पंखाचे टोक मोठा फेरा घेते. शंका आली की थांबायचे, इंजिन बंद करायचे आणि विमान हाताने ढकलत न्यायचे. मी घाई केली."

ही चूक नवशिक्यांचीच असते असे नाही. ११ एप्रिल २०११ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर सुमारे ८० मीटर रुंदीच्या ए-३८० विमानाचा पंख एका थांबलेल्या लहान प्रवासी विमानाच्या शेपटाला लागला आणि ते जागच्या जागी गर्रकन फिरले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

ताईचे दुःख मात्र वेगळेच होते. "नुसता ओरखडा होता रे! कुणी पाहिलेही नव्हते. ह्याने स्वतःहून जाऊन सांगितले. आता चौकशी होईपर्यंत उड्डाण बंद. इकडे कर्जाचे हप्ते सुरू आहेत."

मी हेही भाच्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, "धक्का टोकाला बसतो, पण ताण पंख धडाला जोडलेला असतो तिथपर्यंत जातो. वरून ओरखडा दिसतो, आत तडा असू शकतो. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसरा मुलगा बसणार होता, मामा."

यावर मी काय बोलणार? ताईला फोन करून एवढेच म्हणालो, "या महिन्याचा हप्ता मी भरतो. पोराला रागावू नकोस."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग हळूच म्हणाली, "जेवलाय का रे तो?"